हुशार कोण, माकड की दयाळ?

"बाबा, यातला हुशार कोण?" आज कान्हेरीच्या पायऱ्यांवर लेकीचा प्रश्न. खाली टोपी माकडं कुणाचे तरी पळवलेले वेफर्स गालांच्या पिशव्यांत कोंबत होती, वर फांदीवर दयाळ तंद्रीत गात होता.

चलाखीत माकडच. पण गळ्याचं म्हणाल तर पाखरू कितीतरी पुढे! माकडाचे आवाज बहुतेक उपजत. दयाळ मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतो, वर इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. त्याचं ध्वनियंत्र श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे असतं, आणि गाणाऱ्या पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे वाजवता येतात. (आमच्या गल्लीतल्या बेंजो पार्टीला एकच बाजू धड जमत नाही, ते सोडा.)

गंमत म्हणजे माकडाच्या घशात खोट नाही. टोपी माकडाच्या एका भाऊबंदाच्या क्ष-किरण चित्रणावरून २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की त्या घशातून बोलण्याजोगे स्वर निघू शकतात. अडतं ते मेंदूपाशी. उलट गाणाऱ्या पक्ष्यांच्या एवढ्याशा मेंदूत गाणं शिकायची वेगळी केंद्रंच आहेत.

दयाळ ऐकायचा तर उन्हाळ्यात, विणीच्या हंगामात, सकाळी लवकर जा. खाऊ घरीच ठेवा.