मिरजेला सायकलवर

आज गाडी सर्व्हिसिंगला टाकलेली, म्हणून कामाला मिरजेला सायकलच काढली. सांगली ते मिरज अंतर जेमतेम दहा किलोमीटर, रस्ता सपाट. साताऱ्याच्या चढावर राहणाऱ्यांनी हेवा करावा अशी आपली जमीन! दम अजिबात लागला नाही. पण चालवावी लागली ती जीव मुठीत धरून.

रस्त्याच्या कडेला आधी वडापच्या जीपा, मग भेळेचा गाडा, मग लावलेल्या चारचाकी. दर वेळी मधे घुसायचं आणि मागून हॉर्न ऐकायचे. शाळेच्या पोरी दप्तरं घेऊन याच गर्दीतून सायकली हाकत होत्या. मिरजेत पोचल्यावर पार्किंगवाला हसला, "काका, सायकलची कसली पावती फाडू?" शेवटी विजेच्या खांबाला साखळीनं बांधली.

२००६ सालच्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट लिहिलंय की रस्त्याची जागा वाटताना वाहनं नाही, माणसं धरायची. मानव विकास कार्यक्रमात काही तालुक्यांतल्या मुलींना शासन सायकली देतं, तेही चांगलंच. पण त्या चालवायच्या कुठं?

उड्डाणपूल नकोय. सायकलींसाठी पांढरा पट्टा मारा, शाळेच्या वेळेत कडा मोकळी ठेवा, बाजारात सायकल स्टँड द्या. प्रभागात मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारणार आहे. तुम्हीही विचारा.