संमेलनातली काऊबेल

आमच्या वाद्यवृंद मंडळाच्या वार्षिक संमेलनात स्वागत, प्रास्ताविक, अहवालवाचन आणि सत्कार हे दरवर्षी ठरल्या क्रमाने पार पडतात, आणि त्यांविषयी निराळे लिहावे असे काही नसते. मी वाट पाहत असतो ती त्यानंतरच्या अर्ध्या तासाची. त्या वेळी मंडळातील एक वादक आपले वाद्य घेऊन सर्वांसमोर बसतो, वर्षभरात त्यात काय नवे केले ते सांगतो आणि मग वाजवून दाखवतो. त्याला आम्ही ‘वाद्यपरिचय’ म्हणतो. मंडळाचा चिटणीस या नात्याने मी आजवरचा एकही परिचय चुकवलेला नाही. पण आमच्या ड्रमवादक दादांनी आपल्या ड्रमसेटला काऊबेल, म्हणजे गुराच्या गळ्यातल्या घंटेसारखी घंटा जोडली, त्या वर्षीचा परिचय माझ्या मनात सर्वांत वरच्या जागी आहे.

दादांनी पिशवीतून काढलेली घंटा दिसायला अगदी साधी होती. पोलादी पत्रा दुमडून, कडा जोडून केलेली, तोंडाशी रुंद आणि माथ्याकडे निमुळती. ती उलटी धरून त्यांनी पहिल्या रांगेतल्या मुलांना आतली पोकळी दाखवली आणि आत लोलक का नाही, असे विचारले. गुराच्या गळ्यातली घंटा गुराच्या चालीने वाजते. ड्रमवरची घंटा मात्र वादकाने काठी टेकवली तरच वाजली पाहिजे, म्हणून तिच्यात लोलक ठेवत नाहीत, हे उत्तर त्यांनी मुलांकडूनच काढून घेतले. मला दादांचे बोलणे आवडते ते यासाठी. ते कधी आवाज चढवत नाहीत, आणि ऐकणारा लहान असला तरी त्याला कमी लेखत नाहीत.

त्याच्या आधी काही सभासदांनी कुरकुर केली होती की, ड्रमसेटवर हे भलतेच कशाला. दादांनी त्यांचे नाव न घेता उत्तर दिले. अमेरिकेतले ड्रमवादक आणि ड्रम बनवणारे विल्यम लुडविग यांच्या बास ड्रमच्या (जमिनीवर आडव्या ठेवलेल्या मोठ्या ड्रमच्या) पायाने चालणाऱ्या पेडलला १९०९ साली पेटंट मिळाले, आणि त्या सुमारास एकाच माणसाने बसून सगळी तालवाद्ये सांभाळण्याची पद्धत रुळत गेली. त्या काळचे वादक बास ड्रमच्या भोवती लाकडी ठोकळे, छोट्या झांजा आणि घंटा टांगून ठेवत. पुढे १९३० च्या दशकात चिक वेब यांच्यासारख्या अमेरिकन जॅझ ड्रमवादकाच्या सेटपुढेही घंटांची आणि पोकळ लाकडी ठोकळ्यांची मांडणी असे. म्हणजे काऊबेल ही ड्रमसेटच्या घरातली जुनीच मंडळी आहे. क्यूबाच्या संगीतात तर तिचा मान फार मोठा. तिथे टिंबालीस हे काठ्यांनी वाजवायचे जोडढोल वाजवणारा एक लहान आणि एक मोठी अशा घंटा समोर बसवून घेतो, आणि बोंगो हे हातांनी वाजवायचे लहान जोडढोल वाजवणारा गाणे रंगात आले की बोंगो बाजूला ठेवून हातात घंटा घेतो.

‘इलेक्ट्रॉनिक पॅडमध्ये हा आवाज तयार असताना लोखंड कशाला अडकवायचे?’ हा प्रश्नही सभेत आलाच. दादांनी तो हसण्यावारी नेला नाही. १९८० साली आलेल्या रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात काऊबेलचा आवाज दोन विद्युत लहरी एकत्र करून घडवलेला आहे, तो आपल्या जागी गोड आहे आणि असंख्य गाण्यांत शोभला आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मग त्यांनी डाव्या हाताने घंटा उचलली. काठीच्या टोकाने माथ्याजवळ टिचकी मारावी तसे वाजवले, तेव्हा आवाज उंच, कोरडा आणि बारीक आला. नंतर काठी जिथून निमुळती होऊ लागते तो तिचा खांदा त्यांनी तोंडाच्या कडेवर आडवा टाकला, आणि त्याच पत्र्यातून भरदार, खालच्या सुराचा ठोका निघाला. सभागृह क्षणभर अगदी शांत झाले. प्रश्न विचारणारे गृहस्थ स्वतः पुढे येऊन दोन्ही जागी वाजवून गेले, हे मला येथे आदराने नोंदवायचे आहे.

घंटा बसवण्याचे काम दादांनी सगळ्यांसमोर केले. घंटा धरणारी पकड, म्हणजे क्लॅम्प, बास ड्रमच्या लाकडी कड्यावर बसतो, आणि तो नुसता आवळला तर कड्यावर कायमचा वण उमटतो. म्हणून त्यांनी मध्ये रबराची पट्टी घातली, आणि ड्रमच्या पडद्याला ताण देणाऱ्या आकड्यांपासून दूर, दोन आकड्यांच्या मधली मोकळी जागा निवडली. त्यात वाकवलेला रॉड उभा केला, रॉडवर घंटा चढवली आणि विंग नट, म्हणजे बोटांनी फिरवायचा पंखांचा नट, आवळला. पहिल्याच ठोक्याला काहीतरी खरखरले, कारण घंटेची कड बास ड्रमवर बसवलेल्या लहान ड्रमला, म्हणजे टॉमला, किंचित टेकत होती. नट सैल करून त्यांनी ती बोटभर वर घेतली आणि तोंड आपल्या बाजूला थोडे कलते केले, जेणेकरून हाय-हॅटवरचा (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवरचा) हात खांदा न उचलता तिच्यावर येईल. तरीही एक अडचण राहिली. सभागृहात घंटेचा नाद फार वेळ रेंगाळत होता. दादांनी मागच्या रांगेतल्या एका मुलीला सांगितले की, शब्द झाकले जातात असे वाटेल तेव्हा हात वर कर. गायिका गात राहिल्या, दादा वाजवत राहिले, मुलीचा हात वर जाई, आणि प्रत्येक वेळी घंटेच्या आत कापडी टेपची एक लहान पट्टी वाढे. तिसऱ्या पट्टीनंतर हात खालीच राहिला. एकदम चार पट्ट्या लावल्या असत्या तर घंटा मुकी झाली असती.

आणि मग समूहगान झाले. आमच्या समूहगानाची एक जुनी खोड आहे, आनंदाच्या भरात सगळे पुढे धावतात. त्या दिवशी दादांनी मुखड्याला घंटेवर फक्त चार सरळ ठोके धरले, त्यात कसलीही कलाकुसर केली नाही. तो टोकदार आवाज ढोबळ ड्रमच्या वरून शेवटच्या रांगेतल्या गायकापर्यंत स्पष्ट पोहोचत होता, आणि दुसऱ्या आवर्तनापासून सगळे आवाज एका ठिकाणी येऊन बसले. अंतऱ्याला त्यांनी घंटा पूर्ण सोडली आणि मिटलेल्या हाय-हॅटवर गेले. शेवटच्या मुखड्याला ती परतली, तेव्हा माझे डोळे भरून आले. त्यानंतरच्या प्रत्येक संमेलनात ते परतणे मी ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी तसेच होते.

खेद एकाच गोष्टीचा वाटतो. परिचयाच्या वेळी पुढच्या तीन रांगा जवळजवळ रिकाम्या होत्या, आणि बक्षीसवितरणाला त्याच रांगांत बसायला जागा नव्हती. घंटा कर्कश वाजते अशी तक्रार नंतर ज्यांनी लेखी दिली, त्यांच्यापैकी कोणीही ती मंद करण्याची मेहनत पाहायला हजर नव्हते.

ज्यांच्यामुळे तो दिवस उभा राहिला त्यांची आठवण ठेवणे माझे कर्तव्य आहे. क्लॅम्पची धारदार कड कानशीने घासून देणारे काका. बास ड्रमसमोरचा माइक वीतभर मागे घेणारा ध्वनिव्यवस्थेचा मुलगा. रबराची पट्टी कापून आणणाऱ्या मावशी. विंग नट घरंगळून रंगमंचाखाली गेला तेव्हा टॉर्च घेऊन आत शिरलेले दोघे भाऊ. खुर्च्या मांडणारे आणि, ज्यांचा उल्लेख नेहमी राहतो ते, खुर्च्या उचलणारे. तालमीला रोज दार उघडून देणारे रखवालदार. आणि मागच्या रांगेत हात वर करणारी ती मुलगी. गेल्या अहवालात रखवालदारांचा उल्लेख माझ्याकडून सुटला होता आणि ते मला वर्षभर लागून राहिले. आताही कोणी राहिले असेल तर कृपया मला कळवावे, मी पुढच्या अहवालात दुरुस्ती करीन.

यंदाचा वाद्यपरिचय त्याच मुलीचा आहे. ती आता दादांकडे ड्रम शिकते. दुसरी घंटा जमिनीवरच्या आधारावर बसवून ती डाव्या पायाच्या पेडलने वाजवण्याचा सराव तिने केला आहे. पाय क्यूबाच्या क्लावे या मूळ तालनमुन्याचे पाच ठोके, आधी तीन आणि मग दोन, धरून ठेवतो आणि दोन्ही हात वर मोकळे राहतात. कड्यावर मात्र दादांचीच घंटा असेल, आतल्या तीन पट्ट्यांसह. क्लॅम्प पुसून, विंग नटला तेलाचा थेंब देऊन मी तो तिच्याकडे सोपवला आहे. परिचय सत्कारानंतर लगेच सुरू होईल, आणि पुढच्या तीन रांगांत मी तिच्या घरच्यांना बसवणार आहे.