घाई जूनमध्ये करा

"काकाजी, तुमाले कधी घाईच कशी नाई होत?" नागपूर-पुण्याहून सुटीत आलेली पोरं हे हमखास विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

घाई होती, आणि ती कामाची नव्हती. चहा उभ्यानंच घ्यायचा, समोरच्याचं बोलणं आपणच पुरं करायचं, एसटी फाट्यावर दिसायच्या आधी पिशवी खांद्यावर. घरी लवकर पोचून करायचं काय असायचं? काही नाही.

ती कमी झाली शेतात. पण गावाकडं सगळं संथ असतं असं कोणी म्हटलं की हसू येतं. जूनमध्ये येऊन पाहा. शेजाऱ्यानं पेरलं की आपल्या पोटात कालवाकालव. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगत असतो. तरी पहिल्याच सरीवर पेरणीची तिफण निघते, पाऊस दडी मारतो, आणि दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर येतं. आमच्या काळ्या मातीत पाऊस उघडताच वखर घातला तर माती त्याच्या पात्याला चिकटते, ढेकळं उठतात. वाफसा यावा लागतो, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, बेताची ओल. तो आला की मात्र जेवण विसरून पळायचं, कारण तीच जमीन चार उन्हांत दगड होते.

वेचणीआधी कापसावरचं दहिवर, म्हणजे दव, सुकू द्यावं लागतं. ओला कापूस वजनाला भरतो खरा, पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढं १२ पर्यंत कपात, त्यावर गेला की गाडी परत. दहिवर सुकेपर्यंत वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसतात, घरादाराचं बोलतात. मी आधी येरझाऱ्या घालायचो. मग कंटाळून बसायला लागलो, मध्ये न तोंड घालता ऐकायला लागलो. तीच सवय हळूहळू घरात आली. आता जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत असतो. ध्यानबिन काही केलं नाही. ते मला झेपत नाही.

मोटारसायकलवर मात्र अजून जमत नाही. परवा बाजाराच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागं अडकलो आणि हॉर्नवरचा अंगठा निघेना. मागून बायको म्हणाली, "हॉर्न कायले वाजवून राह्यले? ट्रालीत आपलाच कापूस हाय."