मागचा डिफ उघडला: दात चढावर तुटलाच नव्हता

मंडळी, मागचा डिफ (डिफरन्शियल, दोन चाकांना जोर वाटून वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) एकदाचा बाहेर आला. नव्यांसाठी थोडक्यात: जुनी सीजे-3बी जीप, पेट्रोल हरिकेन इंजिन, मागे डाना 44 अॅक्सल. आधी नुसती घरघर, रेस दिली की वाढायची, सोडली की बदलायची. मग एका ओल्या चढावर ‘कडाक’. मागचा प्रोपेलर शाफ्ट (डिफपर्यंत जोर नेणारा दांडा) सोडला आणि पुढच्या दोन चाकांवर रखडत घरी आलो.

सोबतच्या सगळ्यांचं निदान एकच: लोमध्ये (हळू, जास्त जोराच्या गिअरमध्ये) नको तेवढी रेस दिली, दात गेला. हिशेब मांडला तर हे पटण्यासारखं आहे. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण 154 न्यूटन-मीटर. फर्स्टचा रेशो 2.8, ट्रान्सफर केसच्या (जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) लोचा 2.46. पिनियनपर्यंत (डिफमधला छोटा फिरवणारा गिअर) पोचेस्तोवर तो टॉर्क जवळपास सातपट होतो, हजार न्यूटन-मीटरच्या वर. आपल्या जीपांना पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मधला डिफ नसतो. पुढच्या चाकांना पकडच नसेल तर हा सगळा भार एकट्या मागच्या पिनियनवर येऊ शकतो. आणि 5.38 च्या रेशोत त्या पिनियनला दात किती? आठ. क्राऊनला (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) 43. (मोठं डिझेल इंजिन बसवून अॅक्सल जुनेच ठेवणाऱ्यांनी हा गुणाकार स्वतःच्या गाडीचे आकडे घालून जरूर करावा.)

पण कव्हर काढल्यावर आधी तेलच बोललं. दुधाळ, करडं, चहात साय मोडल्यासारखं.

तुटलेला दात पुसून भिंगाखाली धरला. एकाच दणक्यात मोडलेलं पोलाद सगळीकडे खडबडीत, दाणेदार दिसतं. इथे अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत होता, आणि बुडाच्या एका कोपऱ्यातून निघालेल्या बारीक कमानदार रेषा एकीमागे एक पसरलेल्या. दाणेदार होता तो फक्त शेवटचा कोपरा. म्हणजे चीर आधीपासून होती आणि हळूहळू वाढत होती. चढावर मोडला तो उरलेला तुकडा.

चीर कोपऱ्यातूनच का निघाली, हे क्राऊनने सांगितलं. दातांवरची घासलेली चकाकी मध्यावर हवी. इथे ती बाहेरच्या जाड टोकाला सरकली होती. पिनियनचं नाक धरून हलवलं तर आत-बाहेर खेळ हाताला कळत होता. बेरिंग धुतलं, रोलरवर गंजाचे खड्डे. गंजाने रोलर खाल्ले, प्रीलोड (बेरिंग कसून बसवल्याचा दाब) गेला, भार आला की पिनियन जागा सोडायचा आणि पूर्ण दातावर पसरायचा तो जोर एका टोकावर यायचा. घरघर होती ती याचीच.

पाणी कुठून आलं? अॅक्सलच्या नळीवर ब्रीदरची (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारं छिद्र) छोटी टोपी असते, ती चिखलाने घट्ट बसली होती. चालून तापलेलं हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती ओढ सीलच्या ओठातून पाणी आत घेते. ओढा पार करायला दोन मिनिटं लागतात, पण ते पाणी तेलात महिनोन्महिने राहतं.

बाकीचे संशयित सुटले. एक चाक जागच्या जागी गरगर फिरवत राहिलं की उघड्या (लॉक नसलेल्या) डिफमध्ये ते कॅरियरच्या (डिफच्या फिरत्या घराच्या) दुप्पट वेगाने फिरतं, स्पायडर गिअर (आतले छोटे गिअर) ज्या दांड्यावर फिरतात त्या क्रॉस पिनवर कोरडे पडतात, पिन निळी होते आणि ओरबाडली जाते. माझी पिन स्वच्छ निघाली. चारही टायर एकाच मापाचे आहेत. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून फिरण्याची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मधला डिफ नसला की तो फरक शाफ्ट आणि दातांना पिळत राहतो. त्यामुळे ती सवय असलेल्यांचा डिफ मी वेगळ्या नजरेने बघितला असता.

सध्याची स्थिती: क्राऊन-पिनियनचा जोड नवा (एकटा पिनियन कधीच बदलू नका, दोन्ही एकमेकांशी जुळवूनच येतात), चारही बेरिंगं नवी, सील नवी. पिनियनचा प्रीलोड 20 ते 40 इंच-पौंडांत बसवायचा आहे. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर 0.13 ते 0.23 मिमीच्या मधे आलाय, पण दातांना रंग लावून घेतलेला ठसा अजून किंचित बाहेरच्या टोकाला पडतो. एक पातळ शिम (अंतर साधायची चकती) बदलून पुन्हा बघणार. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉडीच्या उंचीला नेली, खर्च नगण्य. तेल जीएल-5 (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर तेलाचा दर्जा) चं 90. हायपॉइड (तिरप्या, एकमेकांवर घसरत जुळणाऱ्या) दातांना जीएल-4 पुरत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आता पुढचा डिफ. पाणी त्यानेही तेवढंच पाहिलंय, शिवाय या जीपांत पुढे जाताना त्याच्या दातांच्या दुबळ्या बाजूवर जोर येतो. ड्रेन प्लग सोडून कपभर तेल काचेच्या बरणीत काढून ठेवलंय. सकाळपर्यंत तळाशी पाणी बसलं तर तोही उघडावा लागेल.