पुळणीवरचं पुडकं

आज सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लेकासोबत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला गेले होते. वाळू उकरताना त्याला चिकटपट्टीने गुंडाळलेलं एक पुडकं दिसलं. काठीने उलटलं, तर कुणाचातरी कुजका टॉवेल! "मला वाटलं चरस," तो म्हणाला.

वाटणारच. ऑगस्ट 2023 मध्ये आमच्या दापोलीच्या किनाऱ्यावर, कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे, चरसाची पाकिटं लागत होती. कस्टमवाल्यांनी दोनशे किलोच्या वर माल उचलला. तेव्हा मी त्याला फक्त "हात लावायचा नाही" एवढंच सांगितलं होतं. का, ते नाही.

आज भाषण ठोकणार होते, पण गप्प राहून टोपली भरत बसले. मग त्यानेच विषय काढला. वर्गातला एकजण व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणतो, आंब्याच्या वासाचा. "नुसती वाफ असते म्हणे." म्हटलं, बाबा रे, बहुतेकांत निकोटिन असतं, तुझ्या वयाच्या मेंदूला त्याची सवय लवकर लागते, आणि 2019 पासून त्याच्या विक्रीवर देशात बंदी आहे.

"मग आजीची मिसरी?"

आता काय बोलणार! तंबाखूच ती. सुटत नाही तिला, किती वेळा सोडून बघितली, तेच सांगितलं. आणि एवढं ठरवलं: कुठे अडकलास तर रात्री कधीही फोन कर, न्यायला येईन, ओरडेन दुसऱ्या दिवशी.

"ओरडशील म्हणजे ओरडशीलच ना?"

हो म्हटलं. तिसऱ्या मात्र जेमतेम एकशिपीच्या कालवणापुरत्याच मिळाल्या.