सोळा पावलांची जागा

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. गारगोटी डेपो, मग कोल्हापूर, सगळी मिळून एकतीस वर्षं. मार्चमध्ये आई-बाबा आमच्याकडे सॅन होजेला आले, तेव्हा स्टोरेजमधून आमची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, काढायला बाबा माझ्याबरोबर आले. इंजिन चालू केलं, हवेचं प्रेशर भरलं, मी ब्रेक सोडला आणि तो फुस्स आवाज आला. बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. "एअर ब्रेक हाय व्हय रं!" मग खाली उतरून त्यांनी पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत पावलं मोजली. सोळा.

म्हणजे 40 फूट. कॅलिफोर्नियात 40 फुटांपर्यंतची मोटरहोम नेहमीच्या लायसन्सवर चालवता येते, त्यापुढे वेगळी परीक्षा द्यावी लागते, म्हणून आम्ही मुद्दाम एवढीच घेतली. सेकंडहँड, 2010 चं मॉडेल, मागे डिझेल इंजिन, बाजूच्या भिंती बाहेर सरकून आतली खोली रुंद होते. मागे दांड्याला आमची छोटी कार बांधलेली असते, कारण मुक्कामाच्या ठिकाणी दूध आणायला हे धूड कोण बाहेर काढणार?

एवढी मोठी गाडी घेतल्यावर खरं काम सुरू होतं ते जागा शोधायचं. नॅशनल पार्कातले बरेच कॅम्पग्राउंड तंबूच्या जमान्यात आखलेले आहेत. योसेमिटीत विजेची जोडणी कुठेच मिळत नाही. तिथल्या अपर पाइन्समध्ये 35 फुटांपुढची गाडी घेत नाहीत, ग्रँड कॅन्यनच्या मेदरमध्ये तर 30 फुटांवरच मर्यादा संपते. विजेचंही तसंच. जागेवर गाडीला वीज घ्यायला खांब असतो, 30 अँपियरच्या खांबावर 3,600 वॅट मिळतात आणि 50 च्या खांबावर 12,000. छतावरचे दोन्ही एसी एकदम चालवायचे तर 50 च लागतात. आईला गुडघ्यांचा त्रास आणि बाबांचं वय 71, त्यामुळे या वेळी मी ठरवलं होतं की पैसे गेले तरी चालतील, पण जागा उत्तमच घ्यायची.

ग्रँड कॅन्यनला निघालो. पहिली रात्र पासो रोब्लेसजवळ काढली आणि तिथं मन भरलं. आत शिरताच एक बाई गोल्फ कार्ट घेऊन पुढे झाली आणि आमच्या जागेपर्यंत घेऊन गेली. जागा अशी की एका बाजूने आत शिरायचं आणि सकाळी दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडायचं, रिव्हर्सचा प्रश्नच नाही. सपाट काँक्रीट, 50 अँपियर, पाणी, सांडपाण्याचं तोंड बरोबर हाताशी. आई रात्री म्हणाली, "माहेरी आल्यासारखं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी सॅन गोर्गोनिओ खिंडीतल्या पवनचक्क्यांमधून खाली पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटात उतरलो. वाऱ्याने गाडी अशी ढकलत होती की माझे खांदे दुखायला लागले. बुकिंग होतं एका फार आलिशान ठिकाणी. फक्त मोठ्या मोटरहोमसाठी बांधलेलं, गोल्फचं मैदान, खजुराची झाडं, एका रात्रीचे 140 डॉलर. त्याचं नाव इथे देत नाही.

फाटकावर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. रखवालदाराने कागद मागितले, रजिस्ट्रेशनवर बोट ठेवलं आणि म्हणाला, गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी आहे, आत घेता येणार नाही. फोनवर मला लांबी विचारली होती, मागे कार आहे का विचारलं होतं, कुत्रा आहे का तेही विचारलं होतं. मॉडेलचं साल कोणी विचारलं नव्हतं. नियमांच्या पानावर अगदी शेवटी ते लिहिलेलं होतं आणि मी तेवढं खाली वाचलं नव्हतं, ही चूक माझीच. पण अशा बऱ्याच महागड्या ठिकाणी आधी गाडीचा फोटो मागवतात आणि गाडी नीट ठेवलेली असेल तर सूट देतात, हेही मला माहीत होतं. मी म्हटलं, बाहेर येऊन बघा, तीन वर्षांपूर्वी रंग दिलाय. तो बाहेर आला नाही.

बरं, परत फिरायचं तर कसं? दोन्ही बाजूंना उंच कठडे, त्यावर बोगनवेल. आत जाऊन वळवून येतो म्हटलं, त्यालाही परवानगी नाही. आणि चारही चाकं रस्त्यावर ठेवून बांधलेली कार मागे ढकलता येत नाही. तिची पुढची चाकं आडवी होतात आणि दांडा वाकतो. मागे आणखी एक चकचकीत गाडी येऊन थांबली होती. मी खाली उतरलो. विजेची वायर, ब्रेकची केबल, साखळ्या आणि शेवटी त्या दोन पिना काढायच्या. ताण असल्यामुळे एक पिन निघेना. गुडघ्यावर बसून हातोडीने ठोकत होतो आणि बाबा बघत होते. मला त्या क्षणी जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. माझ्या वडिलांना मी लांबून बोलावून आणलं आणि दारातून परत नेत होतो.

"काय म्हणतोय त्यो?" त्यांनी विचारलं.

"गाडी जुनी आहे म्हणतोय."

"मग? चालतीया की!"

मागची गाडी बाजूला झाली, बायकोने कार काढून नेली. बाबा मला म्हणाले, "वर बस. आरशात बघ, माझ्याकडं." आणि ते मागे जाऊन उभे राहिले. गाडीच्या पत्र्यावर त्यांनी हाताने दोनदा थाप मारली. डबल बेल. मी गाडी मागे घ्यायला लागलो. "येऊ दे, येऊ दे... जरा डावीकडं... येऊ दे." एक थाप पडली की थांबायचं, दोन पडल्या की निघायचं. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे मी एकदाही पाहिलं नाही. कठड्यापासून वीतभर अंतर ठेवून ती गाडी त्यांनी मुख्य रस्त्यावर काढून दिली.

पैसे दोन दिवसांत परत आले. पण असा नियम असेल तर तो बुकिंग घेतानाच सांगायला हवा. रात्री दमून आलेल्या माणसाला फाटकावर सांगायची ही गोष्ट नव्हे.

त्या रात्री कौंटीच्या साध्या कॅम्पग्राउंडवर जागा मिळाली. खडीची जमीन, 30 अँपियर, एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की बटण पडायचं. पण फोनवरच्या माणसाने तीनच प्रश्न विचारले, किती फूट, मागे कार आहे का, किती वाजेपर्यंत याल, आणि म्हणाला शेवटच्या रांगेत या, तिकडे वळायला जागा आहे. आईने पिठलं-भात केला. बाबा बाहेर खुर्ची टाकून उशिरापर्यंत बसले होते.

तेव्हापासून मी बुकिंगआधी तीन गोष्टी करतो. उपग्रहाच्या नकाशावर आतले रस्ते आणि वळणं बघतो. फांद्या किती खाली आहेत ते फोनवर विचारतो. आणि पहिल्याच वाक्यात सांगतो, गाडी 2010 ची आहे. दोन ठिकाणांनी लगेच नाही म्हटलं, त्याचं काही वाटलं नाही.

मधले दोन दिवस नुसते रस्त्यात गेले. ग्रँड कॅन्यनला ट्रेलर व्हिलेज या मोठ्या गाड्यांच्या कॅम्पग्राउंडमध्ये पोचलो तेव्हा थंडी कडाक्याची होती, रात्री गोठू नये म्हणून पाण्याचा पाइप काढून ठेवावा लागला. गोल्फ नाही, खजूर नाहीत. रस्त्याकडेला दोन एल्क, म्हणजे तिकडची मोठी हरणं, निवांत चरत होते. आमच्या जागेपाशी पोचल्यावर मी थांबलो. बाबा मफलर गुंडाळून खाली उतरले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत गेले.

"ईस," ते तिकडून ओरडले. "ये सरळ."

आणि पत्र्यावर दोन थापा.