दान पावलं

परवा दुपारी जरा डोळा लागतोय तोवर बेल वाजली. मंडळाची पोरं. एकाच्या हातात पावतीपुस्तक, दुसऱ्याच्या गळ्यात क्यूआर कोडचं लॅमिनेट केलेलं कार्ड. "काकू, वर्गणी." दिली. पावती बघितली तर त्यावर छापलेलं, 'यांजकडून देणगीदाखल रोख रुपये साभार पोहोचले'. तोंडी वर्गणी, कागदावर देणगी. झोप तर उडालीच होती, मग त्या दोन शब्दांवरच तासभर घालवला.

मला विचाराल तर वर्गणीच बरी. वर्गणीत कोणी मोठं होत नाही. दिली नाही तर पोरं तोंड वाकडं करतात, दिली तर पुढच्या दाराची बेल वाजवतात, विषय संपला. देणगी म्हटली की फलक आला, शाल-श्रीफळ आलं, 'दानशूर व्यक्तिमत्त्व' आलं. आमच्या देवळात सगळ्या फरशांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि माझी मावशी कोणाच्या नावावर पाय पडू नये म्हणून उड्या मारत गाभाऱ्यापर्यंत जायची. गुडघे दुखायला लागले तशी सरळ चालायला लागली. म्हणाली, पायाखाली यायचं नव्हतं तर कोरून कशाला घेतलं?

दान या शब्दात तर देणारा पायरीभर वर उभा असतोच. लहानपणी मात्र तसं वाटायचं नाही, कारण आमच्याकडे सकाळी वासुदेव यायचा. मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, हातात चिपळ्या. आजी सुपातून पसाभर जोंधळे माझ्या ओंजळीत ओतायची आणि मी ते सांडत सांडत अंगणात न्यायचे. जोंधळे त्याच्या झोळीत पडले की तो गिरकी घ्यायचा आणि सुरू, दान पावलं, पंढरपूरच्या विठोबाला दान पावलं, जेजुरीच्या खंडोबाला दान पावलं, तुळजापूरच्या भवानीला दान पावलं. मला हे काही पटायचं नाही. माझ्या डोळ्यांदेखत झोळीत गेले आणि पावती विठोबाच्या नावाने? आजीला विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय? पावलं ना?" झालं. कोणी दिलं त्याचं नावच नाही त्या गाण्यात, निदान आमच्या अंगणात तरी मी कधी ऐकलं नाही.

शब्दांचं नशीबपण काय असतं बघा. दानत हा दानाचा सख्खा भाऊ वाटतो, पण नाही, तो अरबी 'दियानत'मधून आलाय, म्हणजे सचोटी, इमान. म्हणजे "त्याची दानतच नाही" हा मुळात कंजूषपणाचा आरोप नव्हेच, त्याहून गंभीर आहे. आणि जकात! इस्लाममध्ये साठवलेल्या संपत्तीतला अडीच टक्के हिस्सा दरवर्षी गरजूंसाठी काढायचा, ती जकात. आपल्याकडे जकात म्हणजे नाका, ट्रकांची रांग आणि ड्रायव्हरच्या शिव्या. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. तरी पत्ता सांगताना लोक अजून जकातनाक्यावरूनच वळायला सांगतात.

विनोबांनी मात्र दान या शब्दालाच वळवून घेतलं. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिली शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदान सुरू झालं. पण पुढे ते मागायचे कसं, तर तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, माझा वाटा द्या. दान म्हणजे संविभाग, म्हणजे वाटून घेणं, हे शंकराचार्यांचं वचन ते सांगायचे. सहावा मुलगा वाटणी मागायला दारात आला तर त्याच्यासमोर कसला डोंबलाचा मोठेपणा करणार! ही माझ्या मते वर्गणीच झाली, फक्त मोठ्या आकड्याची.

शाळेत संस्कृतच्या बाई शिकवायच्या की देण्याला चतुर्थी, ब्राह्मणाला गाय दिली तर 'विप्राय', पण धोब्याला कपडे दिले तर 'रजकस्य', तिथे षष्ठी, कारण कपडे परत घ्यायचेत. परत येणार असेल तर ते दान नाही. मग देणगीवर करसवलत मिळावी म्हणून ८०जी ची पावती जपून ठेवणाऱ्यांना कुठली विभक्ती लावायची हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही. आता दर मार्चमध्ये पडतो, आणि मीसुद्धा पावती फाइलला लावते.

फरशांवरून उड्या मारणारी ती मावशी गेल्या वर्षी गेली. नेत्रदानाचा फॉर्म तिने कधीच भरून ठेवला होता. पण भरून काय, सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन करायचा तो आपणच. पलीकडून एक मुलगा शांतपणे सांगत होता, पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी घ्या. मावसभाऊ ऐकत ऐकत एकेक करत होता. बायका म्हणायला लागल्या, अरे पंखा कशाला बंद करतोस, केवढं उकडतंय. तर तो म्हणाला, "राहू दे बंद, डोळे सुकतील." मेलेल्या आईबद्दल म्हणत होता.